दुसऱ्या ट्रम्पेटची चूक

बँडला स्वतःचं एक लांबलचक नाव होतं, पण ते पोस्टरपुरतं. लोक त्याला 'रविवारचा बँड' म्हणत, कारण गेली एकोणतीस वर्षं दर रविवारी दुपारी चार ते सात तो नदीकाठच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजत आला होता. माणसं अकरा, संगीत लॅटिन जॅझ. मागे कोंगा आणि टिंबाली या ढोलांचा नाचरा ठेका, बाजूला पियानो आणि बेस, आणि पुढे पितळी वाद्यांची फळी. लोक जोडीजोडीनं यायचे, नाचायचे, घाम पुसत घरी जायचे. त्यातल्या काहींची लग्नं त्याच हॉलमध्ये जमली होती, आणि काहींची तिथेच फिसकटली होती.

पियानोवर बाई. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट, आवाज अजून शाळेतलाच. बँड त्यांनीच उभा केला, आणि त्यांच्यासमोर साठीचे बाप्येसुद्धा गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे उभे राहत. कोंगा बडवायचा तो बेकरीवाला. दिवसभर कणीक मळून मळून त्याचे तळवे असे झाले होते की दुसऱ्या कुणी टाळी दिली तर त्याचाच हात दुखावा. आणि पहिला ट्रम्पेट कर्ण्याचा.

कर्णा हे अर्थातच टोपणनाव. दिवसा तो लिफ्टा दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात, तारांना लोंबकळणाऱ्या पेट्यांच्या डोक्यावर उभं राहून त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिथून त्यानं खाली कुणाला हाक मारली की सहाव्या मजल्यावरचं बाळ जागं व्हायचं, असं बेकरीवाला सांगायचा. कर्ण्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, सुतार. तो बँडमध्ये डबल बेस वाजवायचा. बोलायला महाकंजूष, वर्षभरात तो जेवढं बोलायचा तेवढं कर्णा एका जेवणात बोलायचा. आणि दादाची मुलगी छोटी, सव्वीस वर्षांची, दुसऱ्या ट्रम्पेटवर. नऊ वर्षांची असताना कर्ण्यानं आपला जुना ट्रम्पेट तिच्या हातात दिला होता, आणि फुंकर कशी धरायची इथपासून सगळं स्वतः शिकवलं होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. वहिनी गेल्यापासून तर छोटी अर्धी त्याच्याच घरी वाढली.

त्या वर्षी बँडला तीस वर्षं पूर्ण होणार होती. नाट्यगृहात मोठा कार्यक्रम ठरला होता, आणि त्याचं रेकॉर्डिंग होऊन डिस्क निघणार होती. एवढ्या वर्षांत बँडची एकही डिस्क निघाली नव्हती, म्हणून सगळे हरखले होते.

त्याच सुमारास एके सकाळी कर्ण्यानं सफरचंदाचा चावा घेतला आणि त्याच्या वरच्या दातांत एक विचित्र कळ उठली. आरशात पाहिलं, बोटानं हलवून बघितलं, तर दात हलले. दाताच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि तो उजेडासमोर धरून बघितला.

"तुम्ही ते तोंडानं फुंकायचं काहीतरी वाजवता ना?" त्यांनी विचारलं.

"ट्रम्पेट."

"ते थांबवा. हिरड्या सुटल्यात, आतलं हाड झिजलंय. वरचे पुढचे चार दात काढावे लागतील."

"आणि मग?"

"मग कवळी."

"कवळी लावून वाजवता येतं?"

डॉक्टर हात धूत म्हणाले, "खाता येतं, एवढं खात्रीनं सांगतो."

ट्रम्पेट ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. पण वरच्या सुराला ओठ दाबून धरायला मागे भिंत लागते, आणि ती भिंत म्हणजे पुढचे दात. कर्ण्याच्या घराचीच भिंत ढासळत होती. त्यानं डॉक्टरांना 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणून सांगितलं आणि तो गेलाच नाही. बायकोला सांगितलं नाही, दादाला नाही, छोटीला तर नाहीच. पाव दुधात भिजवून खाऊ लागला. बायकोनं विचारलं, "अहो, बाळासारखं काय हे?" तर म्हणाला, "पोट बिघडलंय." तीस वर्षांचा कार्यक्रम पार पडू दे, एवढीच त्याची देवाकडे मागणी होती. पुढचं पुढे.

रविवारचा कार्यक्रम संपायचा तो नेहमी बाईंनीच बांधलेल्या एका धुनेनं. तिच्या शेवटी सगळी वाद्यं थांबत, फक्त कोंगा चालू राही, आणि दोन्ही ट्रम्पेट एकच वरचा सूर आठ मात्रा धरून ठेवत. नाचणारे हात वर करून जागच्या जागी थांबत. एवढ्या वर्षांत तो सूर कधी चुकला नव्हता.

त्या रविवारी पाचव्या मात्रेला तो फाटला.

जुनं कापड टरकन फाटावं तसा आवाज झाला. हॉलमधल्या बहुतेकांना कळलंही नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण बाईंनी पियानोवरून मान वर केली. बेकरीवाल्यानं केली. ट्रॉम्बोनवाल्यानंही केली. दोन ट्रम्पेट एकच सूर धरून होते, आणि त्यातला एक घसरला होता. कुठला, हे नुसतं ऐकून कोण सांगणार?

कर्ण्यानं तोंडातून ब्रही काढला नाही. त्यानं फक्त मान वळवली आणि छोटीकडे पाहिलं.

एवढंच. पण पहिला ट्रम्पेट जिकडे बघतो तिकडे सगळी फळी बघते. सगळ्यांचे डोळे त्याच्या पाठोपाठ छोटीवर गेले. ती कानापर्यंत लाल झाली आणि घाईघाईनं म्हणाली, "सॉरी, बाई. चुकलं माझं."

तिला खरंच तसं वाटलं. काका चुकूच शकत नाही, हे ती नवव्या वर्षापासून शिकत आली होती.

घरी जाताना कर्ण्यानं स्वतःला समजावलं, की आपण खोटं काही बोललो नाही. पुढच्या वेळी जपून वाजवू, झालं. पण पुढच्या रविवारी सूर पुन्हा फाटला, आणि त्याची मान आपोआप वळली. तिसऱ्या रविवारी तर सूर फाटायच्या आधीच बाई छोटीकडे बघत होत्या.

गुरुवारी संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत तालीम असे. तालीम संपल्यावर बाईंनी कर्ण्याला आणि दादाला थांबवून घेतलं.

"रेकॉर्डिंगला पाच आठवडे राहिलेत," त्या म्हणाल्या. "पोरगी गुणी आहे, पण दडपण घेते. त्या दिवशी तिला उभी करायची का? कर्ण्या, तू तिचा गुरू. तू म्हणशील तसं."

हीच वेळ होती. खोलीत तिघंच होते, खालून टायरचा वास येत होता, आणि एक वाक्य बोलायचं होतं. कर्ण्याच्या जिभेवर ते आलंही. पण त्याच्या डोळ्यांसमोर नाट्यगृहाचा रंगमंच आला, आणि त्यावर पहिल्या ट्रम्पेटच्या जागी दुसराच कुणीतरी.

"तिला जरा विश्रांती द्या, बाई," तो म्हणाला.

दादा खाली वाकून बेसची तार सैल करत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

दोन दिवसांनी छोटी कर्ण्याच्या दारात आली. हातात ट्रम्पेटची पेटी. तिचा वरचा ओठ सुजला होता.

"हा तुमचाच आहे, काका," म्हणून तिनं पेटी टेबलावर ठेवली.

"अगं, परत कशाला? चार दिवस थांब, मग..."

"मी घरी तो सूर दोनशे वेळा वाजवला. मोजून. एकदाही फाटला नाही. मग तिथेच का फाटतो? तुमच्या शेजारी उभी राहिले की मी घाबरते का?"

कर्ण्याला तिच्याकडे बघवेना. "होतं असं कधीकधी," तो म्हणाला.

"मला कळलंसुद्धा नाही हो. माझ्या कानांना माझा सूर फाटलेला ऐकूच आला नाही. ज्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही, त्यानं वाजवू नये, असं तुम्हीच सांगितलंय मला."

ती गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पेटीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि आत गेली. त्या दिवशी दूध-पाव पुढे ठेवताना तिनं बशी जरा जोरात आदळली.

आपण किती मोठा मूर्खपणा केलाय ते कर्ण्याला पुढच्या तालमीत कळलं. आता शेजारी कुणी नव्हतं. शेवटचा सूर त्याला एकट्यालाच धरायचा होता. पहिल्या मात्रेपासून तोंडात रक्ताची चव आली. पाचवी मात्रा यायच्या आतच सूर टरकन फाटला.

"व्हॉल्व अडकला," तो म्हणाला, आणि ट्रम्पेट उलटा करून झटकला.

कोंगावर हात ठेवून बेकरीवाला म्हणाला, "कमाल आहे. म्हणजे छोटी गेली तरी तिची चूक इथेच राहिली?"

तो विनोद करायला गेला होता. पण बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं असावं, कारण त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. दुसरं कुणीही हसलं नाही. बाईंनी पियानोचं झाकण हळूच बंद केलं आणि म्हणाल्या, "आज एवढं पुरे."

डबल बेस न्यायला दादाकडे जुनी व्हॅन होती. मागे फळ्या, भुसा आणि मधे आडवा निजवलेला बेस. कर्णा पुढे दादाच्या शेजारी बसला. दादानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"दादा, माझे दात गेलेत," कर्णा म्हणाला. एकदा बांध फुटल्यावर मग सगळंच बाहेर आलं, सफरचंदापासून व्हॉल्वपर्यंत. "तो सूर मीच फाडला. तिन्ही वेळा मीच. छोटीचा काही दोष नाही."

दादा स्टिअरिंगवरचा भुसा नखानं खरवडत राहिला. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या रविवारपासून माहीत आहे. मी तुमच्या पाठीमागे दोन हातांवर उभा असतो. तुझा आवाज मला कळणार नाही? तू बारा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. आणि तिचा तर भिंतीपलीकडून रोज ऐकतो."

कर्ण्याला वाटलं, लिफ्टची तार तुटावी तसं आपण खाली चाललोय. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. एक रविवार गेला, दुसरा गेला. मग बाईंनी विचारलं तेव्हा वाटलं, आता तरी बोलशील." त्यानं नखातला भुसा झटकला. "ती तरुण आहे, सावरेल असं वाटलं. तुझ्याकडून हे गेलं तर तुझं काय होईल, ते कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दोघे भाऊ छोटीच्या कामाच्या ठिकाणी गेले. ती चष्म्याच्या दुकानात होती. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात शेकडो रिकाम्या फ्रेमा. ती कुणाच्या तरी चष्म्याचा बारीक स्क्रू आवळत होती. कर्ण्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यात एकही शब्द त्यानं स्वतःच्या बाजूचा घातला नाही.

छोटीनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटकाच दिसली. आपले कान शाबूत आहेत, याची सुटका.

"तुम्ही घाबरलात, काका," ती म्हणाली. "फार वाईट वागलात. पण घाबरलात, हे मला कळतं."

मग तिचं लक्ष मागे उभ्या असलेल्या बापाकडे गेलं. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याला धक्का बसल्यासारखा दिसत नव्हता.

"बाबा, तुम्हाला हे आज कळलं का?"

दादाला खोटं बोलता येत नसे. त्यानं मान हलवली, नाही.

"मी रोज संध्याकाळी तो सूर वाजवत होते," छोटी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "ओठ फुटेपर्यंत. आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत रंधा मारत होतात. दोनशे वेळा, बाबा. एकदा दार उघडून सांगायचं होतंत."

"छोटे..."

"माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."

तिथून कर्णा थेट बाईंच्या घरी गेला. बाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्या. त्या कर्ण्यावर ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जन्मभर कानांचा तोरा मिरवला मी," त्या मागे न वळता म्हणाल्या. "आणि वेळ आली तेव्हा डोळ्यांनी ऐकलं. तू तिकडे बघितलंस, मीही बघितलं. तू ऊठ आता. मला जाऊ दे तिच्याकडे."

छोटी यायला तयार झाली, पण तिची एक अट होती. काकांनी सगळ्यांसमोर तिच्याकडे पाहिलं होतं. तर सगळ्यांसमोरच सांगायचं. बाईंनी नाही, त्यांनी स्वतः.

पुढच्या गुरुवारी कर्णा त्या टायरच्या वासाच्या खोलीत दहा जणांसमोर उभा राहिला. ज्याच्या हाकेनं सहावा मजला दणाणायचा, त्याचा आवाज पहिल्या खुर्चीपर्यंत पोचेना. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं." त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. छोटी भिंतीला टेकून ऐकत होती. सांगून झाल्यावर ट्रॉम्बोनवाला उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बेकरीवाला म्हणाला, "दात काय, सगळ्यांचेच जातात. पण कर्ण्या, हे तू वाईट केलंस." त्याच्या इतक्या वर्षांच्या बडबडीत कर्ण्याला एवढं जड काही ऐकलेलं आठवत नव्हतं.

कर्ण्यानं जुना ट्रम्पेट पेटीसकट छोटीपुढे धरला. तिनं तो घेतला, पण त्याच्या हाताला हात लागू न देता.

चार दात निघाले ते कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी. कर्णा नाट्यगृहात मागून तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसला, तोंडावर रुमाल धरून. आपण हा बँड समोरून कधीच पाहिला नव्हता, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मागे दादा बेसला कवेत घेऊन उभा. त्याच्या पुढे दोन हातांवर छोटी. दोघांनी संध्याकाळभर एकमेकांकडे पाहिलं नाही, पण बेस आणि ट्रम्पेट एका श्वासात चालले होते, आणि ते कसं काय, हे कर्ण्याला समजेना.

शेवटची धून आली. वाद्यं थांबली. कोंगा एकटा उरला. छोटीनं सूर धरला.

कर्णा तो सूर समोरून धडक मारल्यासारखा घ्यायचा. तिनं तो खालून, किंचित उशिरानं, सावकाश वर आणला आणि मग आठ मात्रा जागचा हलू दिला नाही. लोक उभे राहिले. कर्ण्याला आनंद झाला असं सांगायला बरं वाटेल. पण आधी तो सूर त्याला टोचला. हा सूर आपल्यावाचून लागतो, उलट आपल्यापेक्षा चांगला लागतो, हे त्यानं गेले काही आठवडे स्वतःपासूनच लपवलं होतं. आनंद नंतर आला, बायकोनं त्याचा दंड घट्ट धरला तेव्हा. तोही सगळा निखळ नव्हता.

महिन्याभरात छोटीनं गाव सोडलं. दुसऱ्या शहरात तिला चष्म्याच्या मोठ्या दुकानात काम मिळालं आणि वाजवायला एक नवा बँडही. बाईंनी अडवून पाहिलं, पण ती म्हणाली, "मला अशा ठिकाणी वाजवायचंय, बाई, जिथे माझं कुणी नाही." दादानं तिची खोकी बांधून दिली. खोक्यांना लाकडी पट्ट्या ठोकल्या, कोपरे घासून गुळगुळीत केले. निघताना ती त्याच्या पाया पडली नाही, की गळ्यात पडली नाही. "येते," म्हणाली.

कर्ण्यानं कवळी लावून वाजवून पाहिलं. पितळेतून नुसती हवा बाहेर यायची. महिनाभर खटपट करून त्यानं नाद सोडला. रविवारी दुपारी चार वाजले की तो घरातल्या घरात येरझाऱ्या घाली, शेवटी बायकोच म्हणाली, "जा हो तिकडे एकदाचे, नाहीतर लिफ्टसारखे वरखाली करत बसाल." तो तिकीट काढून हॉलच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बाईंनी पाहिलं आणि पुढची धून सुरू केली. असे सहा-सात रविवार गेले. मग एकदा मध्यंतरात त्यांनी त्याला खुणेनं बोलावलं.

"क्लावे धरायला माणूस हवाय मला," त्या म्हणाल्या. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांडकी. त्यांवर पाच ठोके पडतात आणि सगळा बँड त्या पाच ठोक्यांवर उभा असतो. "त्याला दात लागत नाहीत. पण चुकलं तर सगळ्यांना ऐकू येतं आणि लपायला जागा नसते. जमेल?"

"जमवतो," कर्णा म्हणाला.

आता तो मागे दादाच्या शेजारी उभा राहतो. ट्रॉम्बोनवाला अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. पुढे पहिल्या ट्रम्पेटवर बाहेरून आलेला एक मिशाळ गृहस्थ असतो, बरा वाजवतो.

गेल्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर दोघे भाऊ व्हॅनमध्ये बसले होते. दादा म्हणाला, "काल तिचा फोन आला होता."

कर्णा सावरून बसला. आठ महिन्यांत हा पहिलाच. "काय म्हणाली?"

"थंडीचे कपडे कुठल्या कपाटात आहेत, विचारत होती."

"आणि?"

"सांगितलं मी. वरच्या."

"अरे, पण पाठवा म्हणाली, की न्यायला येते म्हणाली?"

दादानं आरसा नीट केला, किल्ली फिरवली. गाडीनं दोनदा आचके दिले आणि सुरू झाली.

"न्यायला येते म्हणाली."

"कधी?"

"ते नाही सांगितलं," दादा म्हणाला, आणि त्यानं गाडी रस्त्यावर घेतली.